कुलाचा घाम, जुमादिलची जीभ

दीड वर्षापासून जुमादिलच्या जिभेला कसलीच चव लागत नव्हती आणि ही गोष्ट त्यानं बायकोपासूनही लपवली होती. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात तो तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. मांस खाल्लं काय नि चामडं चघळलं काय, सारखंच. दुसरा कुणी असता तर चार दिवस कुरकुरला असता आणि विसरला असता. पण जुमादिल सायापकेर होता, म्हणजे शर्यतीचा घोडा घडवणारा. आणि नारीनच्या खोऱ्यात सायापकेराची अर्धी विद्या डोळ्यांत असते, अर्धी जिभेवर.

घोडा तयार करायचा म्हणजे त्याचा घाम काढायचा. अंगावर लोकरी नमद्याच्या जाड झुली चढवायच्या, टेकडीच्या वाटेनं नेऊन आणायचं, उभा करायचा आणि झुलीखाली पाझरलेला घाम लाकडी पट्टीनं निपटून घ्यायचा. पट्टीवरचा थेंब सायापकेर दोन बोटांत चोळतो, उजेडात धरतो आणि जिभेवर ठेवतो. पहिला घाम दाट, चिकट, खारट. पाच-सहा दिवसांनी दुसरा, मग तिसरा. दर खेपेला खार कमी होतो, चिकटा कमी होतो. शेवटी जो घाम येतो ते नुसतं पाणी. त्या दिवशी झुली गुंडाळून ठेवायच्या. एक घाम कमी काढला तर घोडा जड धावतो. एक जास्त काढला तर अंगातलं बळच निथळून जातं. या दोहोंमधली रेघ डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला समजत नाही. ती फक्त जिभेला कळते.

गेल्या उन्हाळ्यात जुमादिलनं अंदाजानं काम केलं आणि एक घाम कमी काढला. त्याचा घोडा, कुला, चौथा आला. या वसंतात पुन्हा अंदाज केला आणि एक जास्त काढला. कुला सातवा आला. वर सहाव्या फेरीत एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायची रवाल चाल सोडून दुडकीवर उतरला, आयुष्यात पहिल्यांदा. सगळा गाव म्हणाला, घोडा म्हातारा झाला, आता सोडा.

जुमादिलनं ऐकून घेतलं. जीभ गेली हा काही त्याचा गुन्हा नव्हता. गप्प बसून सगळं घोड्याच्या नावावर खपवलं, हा मात्र होता. आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

कुला तेव्हा सतरा वर्षांचा होता. मातकट पिवळा, आयाळ काळी, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत काळी रेघ. तो आला कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. सरकारी शेतीसंस्था मोडली तेव्हा जनावरांची वाटणी झाली. ज्यांचे हात लांब होते त्यांना मेंढ्यांचे कळप मिळाले, ट्रॅक्टर मिळाले. जुमादिल तिथं पंचवीसेक वर्षं घोड्यांच्या कळपावर होता. त्याच्या वाट्याला चार मेंढ्या आणि एका डोळ्यानं आंधळी घोडी आली. घोडी घेऊन तो घरी आला तेव्हा त्याच्या बायकोनं, बुरुलचानं, दारातूनच विचारलं, "दुसरा डोळा कुणाच्या वाटणीला गेला?"

त्या घोडीला पुढं सात-आठ वर्षांनी शिंगरू झालं. तिसऱ्याच दिवशी ते आईमागून चालायला लागलं, डावे दोन पाय एकदम, मग उजवे दोन पाय एकदम. जुमादिल कुंपणावर टेकून बघत राहिला. घोडा रवाल शिकतो तो वेगळा आणि रवाल घेऊन जन्माला येतो तो वेगळा. असा जोर्गो खोऱ्यात दहा वर्षांत एखादा होतो. पाठीवर बसलेल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नाही. त्या दिवशी जुमादिलनं हातातलं काम टाकलं, आणि बुरुलचा म्हणते की ते त्यानं अजून उचललेलं नाही.

सहाव्या वर्षी कुला पहिली शर्यत धावला आणि जिंकला. नंतरची नऊ वर्षं त्याचं नाव घेतल्याशिवाय खोऱ्यात शर्यत ठरत नव्हती. त्यांच्या घराचं पत्र्याचं छप्पर कुलानं आणलं. फ्रीज कुलानं आणला. धाकट्या मुलीच्या लग्नातले गालिचे कुलाचे. एकदा त्यानं मोटारसुद्धा जिंकली. जुमादिलला ती चालवता येईना, म्हणून त्यानं ती भाच्याला, कुबातला, देऊन टाकली. कुबात तेव्हापासून प्रवासी गाडी चालवायला लागला आणि कुलावर स्वारीही तोच करायला लागला. आमच्याकडे म्हण आहे, बहिणीचा मुलगा दारात येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, कारण भाच्यानं मागितलेलं मामाला नाकारता येत नाही. कुबात तीस पार करून चाळिशीकडे निघालेला, तरी जुमादिल त्याला पाहिला की ओरडायचा, "आले! साती आले!"

कधीकधी दुपारी कुलाला खरारा करताना जुमादिलला जुने दिवस आठवायचे. एकोणीस वर्षांचा असताना कळपावरच्या बेइशे म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडात बोट कोंबलं होतं, घोड्याच्या पहिल्या घामाचं. जुमादिल तिथंच ओकला. बेइशे शांतपणे म्हणाला होता, "ओकून झालं? आता पुन्हा चाट. ओकताना चव विसरली असशील." वर्षभर म्हातारा त्याला रोज चाटवायचा आणि विचारायचा, काल काय खाल्लं यानं, कुठलं पाणी प्यायला, झोपला का. पहिले सहा महिने जुमादिल थापा मारायचा. सातव्या महिन्यात एक दिवस जीभ आपोआप बोलली. "याला कुणीतरी रात्री तहानलेला ठेवलाय." बेइशेनं टोपी काढून परत घातली. एवढीच शाबासकी. आता बेइशे नाही, ते कळप नाहीत, त्या कुरणांवर कुणीकुणी येऊन तारा ठोकल्यात. जीभ तेवढी राहिली होती.

ऑगस्टच्या शेवटी निमंत्रण आलं. कोचकोरच्या एका मोठ्या घराण्यानं बापाच्या वर्षश्राद्धाची मेजवानी मांडली होती. खोऱ्याखोऱ्यांतून पाहुणे येणार, कुस्त्या, घोड्यांच्या शर्यती, जोर्गोंची शर्यत सात फेऱ्यांची. हातात महिना होता.

निमंत्रणाची बातमी गावात पोचायच्या आत शारशेन पोचला. शारशेनही सायापकेर, जुमादिलच्याच वर्षी जन्मलेला. एका वर्षाचे सवंगडी एकमेकांना वाट्टेल ते बोलू शकतात, राग धरायचा नाही, असा इथला कायदा. या कायद्याचा फायदा शारशेनइतका कुणीच घेतला नसेल.

"कधी कापतोयस?" त्यानं कुंपणापलीकडूनच विचारलं. "दोन फासळ्या माझ्या. मऊ असतील तर."

"तुझे दात आहेत का शिल्लक?"

"दात नाहीत म्हणून तर म्हणतोय मऊ." शारशेन आत आला, कुलाच्या मानेवरून हात फिरवला. तो हात फिरवताना मात्र त्याचं तोंड बंद होतं. मग म्हणाला, "थट्टा सोड, लेका. सतरा वर्षं झाली. दोनदा सांगितलं त्यानं तुला. तिसऱ्यांदा सांगेल ते मैदानात पडून सांगेल."

"बघू."

"बघू म्हणे. मी माझा तांबडा तेराव्या वर्षी सोडला. रडलो, पण सोडला. तुला काय, बक्षिसाची हाव सुटलीय का या वयात?"

जुमादिल कुलाच्या आयाळीतला गुंता सोडवत राहिला. बोलणार काय? घोडा सोडला तर जग म्हणणार, कुला हरून हरून संपला. आणि तो तर हरलाच नव्हता! हरली होती ती जीभ. बरं, धाववला तर पुन्हा अंदाजाचाच कारभार. सतराव्या वर्षी अंदाज चुकला तर घोड्याचं काळीज फुटतं. एकदा लहानपणी त्यानं पाहिलं होतं तसं काळीज फुटून पडलेलं जनावर. त्याच्या डोळ्यांत गवत दिसत होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी त्याला रात्रंदिवस टोचत होती: कदाचित गाव खरंच बोलत असेल. कदाचित घोडाही म्हातारा झाला असेल आणि आपणही. पण दोघांतलं कोण हरलं, हे कळायचं कसं?

तरीही त्यानं झुली काढल्या. पहिला घाम काढला. पट्टीवरचा थेंब चाटला आणि सवयीनं मान हलवली, जसं काही कळलंच.

बुरुलचा खिडकीतून बघत होती.

बुरुलचा म्हणजे शाळेच्या वसतिगृहात एकोणतीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. चारशे मुलांचं सूप एका कढईत. चमचाभर चाखून तिनं सांगायचं, मीठ किती आणि मेंढी कुठल्या कुरणातली. अशा बाईच्या नजरेतून जिभेची बाब किती दिवस सुटणार? नवरे लोकांना वाटतं की आपण गप्प बसलो की बायकोला काही कळत नाही. सेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही वाटतं.

तिनं काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधाच्या चहात मीठच घातलं नाही. खोऱ्यात बिनमिठाचा चहा दिला तर पाहुणा भांडण आहे असं समजून उठतो. जुमादिल तीन वाट्या प्यायला. तिसऱ्या दिवशी तिनं मूठभर मीठ घातलं. तो तेवढ्याच शांतपणे प्यायला आणि वर म्हणाला, "छान झालाय." चौथ्या दिवशी साखर. पाचव्या दिवशी तिनं लोणी म्हणून भाकरीला मेंढीची शिळी चरबी फासून दिली.

सहाव्या दिवशी वाटी समोर ठेवून ती बसली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, मी तुम्हाला चार दिवस विष घातलं असतं तर तुम्ही 'छान झालंय' म्हणत मेला असता. कधीपासून नाही कळत?"

जुमादिलनं वाटी उचलली, ठेवली. "त्या तापापासून."

"म्हणजे गेल्या उन्हाळ्यात..."

"हो."

"आणि या वसंतात..."

"हो म्हणतोय ना!"

"ओरडू नका. मी घोडा नाही." तिनं वाटी त्याच्यापुढून ओढून घेतली. "आणि त्या मुक्या जनावरावर घातलंत सगळं. शारशेन दारात येऊन फासळ्या मागतो आणि तुम्ही ऐकून घेता. मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? की सायापकेर संपला? मग मी कोण? पेन्शन आणणारा म्हातारा?"

"तेही वेळेवर आणत नाही," बुरुलचा म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. पाठमोरीच म्हणाली, "पुढचा घाम कधी काढायचा?"

"का?"

"कधी ते सांगा."

"उद्या."

"मी चाखते."

जुमादिल हसला. मग ती हसत नाही हे पाहून त्याचा चेहरा उतरला. शर्यतीच्या घोड्याजवळ बाईनं फिरकू नये, त्याच्या दाव्यावरून पाय टाकू नये, चाबकाला हात लावू नये. हे बेइशेनं सांगितलेलं, बेइशेला त्याच्या बापानं सांगितलेलं.

"बाईमाणसानं कधी..."

"चारशे पोरांची पोटं एकोणतीस वर्षं माझ्या जिभेवर चालली. एका घोड्याचा घाम नाही चालणार? का घोडा विटाळतो? मग छपराखालून बाहेर झोपा, तेही त्यानंच आणलंय आणि त्याच्याखाली मी स्वयंपाक करते."

जुमादिलनं छपराकडे पाहिलं आणि पट्टी शोधायला गेला.

दुसरा घाम काढला तो दिवस ढगाळ होता. कुबातला त्यांनी मुद्दाम नारीनला पिटाळलं होतं. कुला झुलीखाली वाफाळत उभा. जुमादिलनं पट्टी निपटली, दोन बोटांत थेंब घेतला आणि पट्टी बायकोपुढे धरली. तिनं कांदा परतून झाला का बघतात तसं निर्विकार चेहऱ्यानं जिभेचं टोक लावलं.

"सांग."

"घाण आहे."

"ते मलाही माहीत आहे! कशी घाण?"

बुरुलचानं डोळे मिटले. "थांबा. मेंढीचं डोकं उकळताना पहिलं पाणी ओतून देतो ना, त्याच्यानंतरचं पाणी. मीठ आहे, पण वरवर नाही. चरबीत लपलंय. आणि मागून काहीतरी कडू."

"कडू?" जुमादिल एक पाऊल पुढं आला. "कसं कडू? पित्तासारखं? का झाडपाल्यासारखं?"

"पाल्यासारखं. एर्मेनसारखं."

एर्मेन म्हणजे डोंगरावरचा कडू दवणा. जुमादिल खाली दगडावर बसला. कुलाच्या घामात शरदाच्या तोंडाशी एर्मेनची कडवट झाक यायचीच. तो जन्मापासून वरच्या कुरणातलं ते कडू झुडूप शोधून शोधून खायचा, घोडी त्याला हुसकायची तरी खायचा. पहिल्या शर्यतीच्या आधी ती कडू चव जिभेवर आली तेव्हा जुमादिल घाबरला होता, घोडा आजारी आहे समजून रात्रभर गोठ्यात बसला होता. मोटार जिंकली त्या वर्षी दुष्काळ होता, कुरणात दुसरं काही उगवलंच नव्हतं, तेव्हा घाम इतका कडू की तोंड धुवावं लागलं. ज्या वर्षी धाकटी लग्न होऊन गेली त्या वर्षी पाऊस फार, गवत गोड, झाक जेमतेम. दहा वर्षं त्यानं ही चव अशी मोजली होती आणि ती गेल्यावर वर्षंच पुसल्यासारखी झाली होती. ती अजून तिथंच होती. फक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

"रडताय का?" बुरुलचानं विचारलं.

"घाम गेला डोळ्यात."

"कुणाचा?" असं म्हणून तिनं त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि ओढणीला पुसली. "पुढं काय? अजून किती चाखायचे?"

"तू सांगशील तितके."

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात जी भांडणं झाली तशी नव्या संसारातही झाली नव्हती. ती म्हणायची तिसऱ्या पाण्यासारखा, तो म्हणायचा तिसरं पाणी म्हणजे किती वेळ उकळलेलं? ती म्हणायची मीठ आहे, तो म्हणायचा बोटाला लागत नाही. शेवटी त्यांनी कढईच ठेवली. बुरुलचा हाडं उकळायची, एकेक पाणी काढून वाट्यांत भरायची आणि घाम चाखून वाटी दाखवायची: "ही." जुमादिल वाटीतलं पाणी उजेडात धरायचा, बोटांत चोळायचा आणि बेइशेचे शब्द आठवून बघायचा. कुबात एकदा अचानक आला. ओळीनं मांडलेल्या सहा वाट्या आणि त्यांच्यापुढं गंभीर बसलेले मामा-मामी पाहून दारातच थबकला. मामाला तो तायके म्हणायचा.

"तायके, दुकान काढलंत का?"

"तुझ्या तायकेला सूप शिकवतेय," बुरुलचा म्हणाली. "आत या, साती लांडगे. कुठली वाटी पाहिजे?"

पाचव्या घामाला तिनं पट्टीला दोनदा जीभ लावली. मग म्हणाली, "काही नाही."

"काय काही नाही?"

"काहीच लागत नाही. ओढ्याचं पाणी. आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, ते कडू. एवढंसं."

जुमादिलनं झुली गुंडाळल्या.

मेजवानीच्या मैदानात दोनशे तंबू होते, आणि धूर इतका की कोचकोरचे डोंगर दिसेनात. सत्तावीस जोर्गो उतरले होते. जुमादिलनं कुलाची शेपटी बांधली, कपाळावरचे केस वर ओढून फडक्यानं गुंडाळले. कुबात खोगिरावर चढला. मामानं रिकिबीला धरून एवढंच सांगितलं, "त्याला काही विचारू नकोस. तो सांगेल."

शर्यत सुरू झाली. जोर्गोंची शर्यत पाहणाऱ्याला आधी आवाज ऐकू येतो. चौखूर उधळलेल्या घोड्यांचा गडगडाट असतो, यांचा तसा नसतो, सपासप, जशी पन्नास माणसं एकदम गवत कापताहेत. पंच मोटारीतून सोबत पळतात. चाल मोडून घोडा उधळला की हात वर. तीनदा हात वर झाला की घोडा बाद.

दुसऱ्या फेरीत कुला आठवा होता. तिसरीत पाचवा. चौथीत शारशेन जुमादिलच्या बाजूला येऊन उभा राहिला. पाचव्या फेरीत कुला दुसरा होता, पुढं फक्त एक काळी घोडी, सात वर्षांची. सहाव्या फेरीत त्यानं तिलाही मागं टाकलं. मैदान उभं राहिलं. "कुला! कुला!" बुरुलचा बायकांच्या घोळक्यात होती, तिथून निघून ती दोरीपर्यंत आली आणि पुरुषांना कोपरानं सारत पुढं घुसली.

सातव्या फेरीचं शेवटचं वळण. काळी घोडी पुन्हा बाजूला आली. कुबातनं चाबूक उचललाच नाही. लगाम थोडा सैल सोडला, बस. कुलाची मान लांब झाली, कान पुढं झाले, पावलं लांबली. जुमादिलनं ते पाऊल ओळखलं. दहा वर्षं हे पाऊल पडलं की शर्यत संपायची. या पावलाच्या पुढं अजून एक असायचं.

ते आलं नाही. घोड्यानं मागितलं आणि अंगानं दिलं नाही. काळी घोडी मानभर पुढं गेली. तरणा घोडा असता तर त्या क्षणी चाल मोडून उधळला असता, पुढं जायला तोच एक मार्ग होता, आणि कुला सहज उधळू शकत होता. त्यानं चाल मोडली नाही. डावे दोन, उजवे दोन, तसाच, शेवटच्या खांबापर्यंत.

दुसरा.

कुबात खाली उतरला तो नाचतच. "तायके! दुसरा! सत्तावीसांत दुसरा! कोण म्हणत होतं म्हातारा? वसंतात नारीनला ही काळी कुठं जाते बघू!" लोक धावले, कुलाच्या घामानं हात ओले करून कपाळाला लावायला लागले. शारशेननं जुमादिलच्या पाठीत गुद्दा घातला. "चुकलो, लेका. तुझा घोडा माझ्या आधी मरत नाही."

आणि बुरुलचा! ओढणी मानेवर आलेली, गाल लाल. "अहो, चौथ्या घामानंतर दोन दिवस जास्त ठेवायला हवे होते का? मला तेव्हाच वाटलं होतं. वसंतात मी सुरुवातीपासून चाखते. पहिल्यापासून! वसंतात आपण..."

जुमादिल कुलाच्या पुढच्या पायामागं, कोपराच्या वर, तळहात टेकवून उभा होता. लोक हिंडत होते, बोलत होते, बक्षिसाचा गालिचा कुणीतरी कुबातच्या खांद्यावर टाकला. तळहाताखालचे ठोके कमी होत नव्हते. काळ्या घोडीचे केव्हाच झाले असतील. ती पलीकडे मान झटकत होती, पाणी मागत होती. कुला पाणी मागत नव्हता. तो डोळे अर्धे मिटून उभा होता आणि आपलं सगळं वजन हळूहळू जुमादिलच्या खांद्यावर टाकत होता.

"बुरुलचा," तो म्हणाला. सेहेचाळीस वर्षांत त्यानं तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. "तू बरोबर चाखलंस?"

"म्हणजे काय? माझ्या जिभेवर..."

"बरोबर चाखलंस ना? एक कमी नाही, एक जास्त नाही?"

"नाही," ती सावकाश म्हणाली. "बरोबर होता. पाण्यासारखा."

"मग झालं. आता दोष द्यायला कुणी उरलं नाही."

"तायके, पण दुसरा आलाय तो!" कुबात म्हणाला. "दुसरा आलेला घोडा कुणी सोडतं का? सातवा आला तेव्हा सोडला नाहीत आणि आता?"

"तेव्हा तो सातवा आलाच नव्हता." जुमादिल वळला. शारशेनकडे पाहून बोलला, मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं. "ऐक रे. दीड वर्ष झालं, माझी जीभ गेलीय. मला मीठ कळत नाही, घाम कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी याला कच्चा धाववला, वसंतात जाळून धाववला. चौथा आणि सातवा मी आलो. हा नाही. हा आज पहिल्यांदा हरलाय, आणि या खेपेचा घाम मी नाही चाखला. तो हिनं चाखलाय."

एक-दोघांनी बुरुलचाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. कुणीतरी "तोबा" म्हटलं. सायापकेरानं भर मेजवानीत आपली जीभ गेल्याचं सांगणं म्हणजे न्हाव्यानं हात थरथरतो म्हणून सांगण्यासारखं. उद्यापासून कोण त्याच्या दारात घोडा बांधणार?

"याचं नाव घेताना," जुमादिल म्हणाला, "चौथा, सातवा म्हणायचं नाही. शेवटच्या शर्यतीत मानभर मागं, चाल न मोडता. एवढंच म्हणायचं." आणि त्यानं तिथंच कुलाच्या शेपटीची गाठ सोडायला घेतली. गाठ घामानं घट्ट बसलेली, त्याची बोटं सरकत होती. बुरुलचा पुढं झाली आणि दातांनी गाठ सैल केली. दाव्यावरून तिचा पाय गेलेला सगळ्यांनी पाहिला होता.

शारशेन मिशी चावत पुढं आला.

"जेने," तो म्हणाला. जेने म्हणजे वहिनी; आजवर तो तिला 'अगं ए' म्हणत आला होता. "माझ्याकडे एक चार वर्षांचा बोर घोडा आहे. वसंतात उतरवायचाय. माझीही जीभ... म्हणजे तशी आहे अजून. पण दातांच्या नव्या कवळीनं सगळंच रबरासारखं लागतं."

"आधी फासळ्यांबद्दल माफी माग," बुरुलचा म्हणाली.

"कुणाची?"

"त्याची. माझी कशाला?"

आणि शारशेननं, एकाहत्तर वर्षांच्या माणसानं, दोनशे तंबूंसमोर घोड्याच्या नाकाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलं. काय ते त्यानं कधी सांगितलं नाही. कुला शिंकला.

परतताना ट्रकवाला गावच्या फाट्यावरच थांबला, पुढचा पूल वाहून गेला होता. तिथून तीन किलोमीटर. कुबात खोगीर उचलायला गेला तेव्हा जुमादिल म्हणाला, "आण इकडे." अकरा वर्षं तो कुलावर बसला नव्हता. सायापकेरानं आपलं वजन शर्यतीच्या घोड्यावर घालू नये, म्हणून. कुबातनं त्याला वर चढवलं. बुरुलचा पायी चालत होती, गालिचा डोक्यावर घेऊन, आणि कुरकुरत होती की चाळीस वर्षांपूर्वी मलासुद्धा कुणीतरी पुढं बसवलं असतं. कुला हळूहळू निघाला, तशाच चालीनं, डावे दोन, उजवे दोन. वरती बसलेल्याला रस्ता कळतही नव्हता. जुमादिलनं लगाम मानेवर टाकला होता. घाई कुणालाच नव्हती.

कुला त्यानंतर चार हिवाळे जगला. पहिल्या हिवाळ्यात वरच्या कुरणातल्या कळपात सोडला, तर बर्फ उकरून गवत खायचं तो विसरलेला होता, उभा राहून तोबऱ्याची वाट बघायचा. जुमादिल आठवड्यातून दोनदा चढून जायचा आणि फावड्यानं त्याच्यासमोरचं बर्फ बाजूला करायचा. गाव हसलं. जानेवारीत घोडा शिकला, पण म्हातारा जायचा तो जायचाच. म्हणायचा, त्याला येतं, मला करमत नाही. शारशेनचा बोर दुसऱ्या वर्षी नारीनला पहिला आला. पंचांनी सायापकेराचं नाव पुकारलं तेव्हा शारशेनचंच पुकारलं, आणि बुरुलचानं त्याच्याकडून गालिच्याऐवजी शिलाईचं यंत्र घेतलं. अजून दोघं-तिघं यायला लागले, संध्याकाळी, कुंपणाच्या मागच्या बाजूनं, पट्टी कागदात गुंडाळून. दारातून उघड कुणी आलं नाही. पुरुषांची अब्रू मागच्या दारानंच वाचते.

चौथ्या हिवाळ्याच्या शेवटी कुला ओढ्याकाठी आडवा पडलेला सापडला. या भागात घोडा वाया घालवत नाहीत. थंडीनं मांस चांगलं राहिलेलं होतं आणि कुबातनं तसं हळूच विचारून पाहिलं. जुमादिलनं फक्त कुदळ मागितली. जमीन गोठलेली, दोन दिवस लागले खणायला. शारशेनही आला, कुबातही आला. बुरुलचा दुपारी सूप घेऊन वर गेली. जुमादिलनं चमचाभर तोंडात घातलं, थांबला, पुन्हा घातलं.

"मीठ कसं आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "तू सांग."